गाणं कुणाच्या नावावर?

बाळ जन्मलं, घरात लग्न निघालं की टाळ्या वाजवत दारात येणारी तृतीयपंथीयांची बधाई वर्धा-नागपूरकडच्या लोकांना नवी नाही. चाल ठरलेली, शब्द प्रसंगानुसार जागच्या जागी जुळवलेले. घरवाले ओंजळीत पैसे टाकतात आणि आशीर्वाद घेतात. तो गळा कुणाचा, त्या ओळी कुणी जुळवल्या, हे मात्र कुणी विचारत नाही.

जानेवारी 2016 मध्ये हाच गळा यूट्यूबवर आला. यशराज फिल्म्सच्या वाय-फिल्म्सने संगीतकार शमीर टंडन यांच्यासोबत ‘सिक्स पॅक बँड’ काढला. भारतातला पहिला ट्रान्सजेंडर बँड म्हणून तो गाजला. त्यातल्या सहा जणींची नावं इथे मुद्दाम देतो : आशा जगताप, भाविका पाटील, चांदनी सुवर्णकर, फिदा खान, कोमल जगताप आणि रवीना जगताप. पहिलं गाणं फॅरेल विल्यम्सच्या ‘हॅपी’वर बेतलेलं होतं. पुढच्या एका गाण्यात सोनू निगम सोबत होते. पाठीशी ब्रुक बाँड रेड लेबल चहा होता. त्याच वर्षी कान जाहिरात महोत्सवात या मोहिमेला ‘ग्लास लायन’चं सर्वोच्च पारितोषिक मिळालं.

2018 मध्ये बँडची दुसरी आवृत्ती आली. या वेळी गायला विशेष गरजा असलेली मुलं होती. उपक्रम चांगलाच, पण बँडचं नाव निर्मात्यांकडे राहिलं आणि गाणारे बदलले.

सुशांत दिवगीकर ऊर्फ राणी कोहिनूर यांची वाट वेगळी. मुंबईत वाढलेल्या सुशांत यांनी 2014 मध्ये ‘मिस्टर गे इंडिया’ किताब मिळवला. त्याच वर्षी ‘बिग बॉस’ने त्यांना घराघरात पोचवलं. 2018 मध्ये ‘सा रे ग म प’च्या मंचावर राणीच्या वेशात त्यांनी पुरुषी आणि बायकी अशा दोन्ही आवाजांत गाऊन दाखवलं. 2021 मध्ये ड्रॅग कलाकारांच्या ‘क्वीन ऑफ द युनिव्हर्स’ या आंतरराष्ट्रीय गायनस्पर्धेत त्या उतरल्या. ड्रॅग ही वेशाची आणि सादरीकरणाची कला आहे, ट्रान्स असणं ही माणसाची ओळख. राणींनी पुढे आपण ट्रान्स असल्याचंही उघडपणे सांगितलं. इन्स्टाग्रामवर लोक त्यांना त्यांच्याच नावाने शोधतात. ते नाव कुठल्या चहाच्या पुड्यावर अवलंबून नाही.

या गाण्यामागे मेहनत किती, तेही समजून घ्यायला हवं. वयात येताना टेस्टोस्टेरॉनमुळे स्वरतंतू लांब आणि जाड होतात. नंतर इस्ट्रोजेन घेतलं तरी ते पूर्ववत होत नाहीत. त्यामुळे ट्रान्स स्त्रीला पट्टी आणि आवाजाचा घुमारा रियाजानेच घडवावा लागतो. ट्रान्स पुरुषाचं उलट असतं. टेस्टोस्टेरॉनने त्याचा आवाज उतरतो आणि सवयीच्या जागा नव्याने शोधाव्या लागतात.

या मेहनतीचा मोबदला कागदावर ठरतो. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का केला, गायकांनाही तो दिला. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी आयपीआरएस ही संस्था गोळा करते. पण पैसे खात्यात यायचे तर नाव जुळलं पाहिजे. रीलवर एक नाव आणि बँकेत घरच्यांनी ठेवलेलं दुसरं, तिथेच गाडी अडते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2014 मध्ये ‘नालसा’ खटल्यात तृतीयपंथीयांच्या ओळखीला मान्यता दिली. 2018 पासून पॅन कार्डाच्या अर्जात ट्रान्सजेंडर हा वेगळा रकाना आला. 2019 च्या कायद्याने ओळख-प्रमाणपत्राचं काम जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपवलं. म्हणजे हिंगणघाटच्या किंवा आर्वीच्या गायिकेचा कागदोपत्री प्रवास मुंबईच्या स्टुडिओत नव्हे, वर्ध्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात सुरू होतो.

उरलेलं काम आपलं आहे. गणेशोत्सवात किंवा भीमजयंतीला अशा गायिकेला बोलवाल तेव्हा मानधन आधी ठरवा. पत्रिकेवर तिने निवडलेलं नाव छापा, त्यापुढे ‘गायिका’ एवढंच लिहा. गाणं तिनेच रचलं असेल, तर ‘गीत-संगीत’ या ओळीतही तेच नाव यायला हवं.