मेंडोलिन घेताय? आधी तारांची उंची बघा

मेंडोलिनला आठ तारा, पण दोन-दोनच्या चार जोड्या: जी, डी, ए, ई, अगदी व्हायोलिनसारख्या. जोडीतली एक जरी तार उतरली तरी सूर फाटतो. म्हणून आधी मोबाइलवरच्या ट्यूनरने एकेक तार लावून घ्या.

बोटं दुखली की बरेच जण वाद्यच सोडतात. सुरुवातीला थोडं दुखतंच. पण तारा पडद्यांपासून फार उंच असतील, तर दोष तुमचा नाही, वाद्याचा. जाणकाराकडून घोडी खाली करून घ्या.

तारेचा आवाज पटकन विरतो. म्हणून पिक भरभर वर-खाली फिरवायचा. यालाच ट्रेमोलो म्हणतात. तो आधी सावकाशच शिका.

संगीतकार लक्ष्मीकांत यांची सुरुवातही मेंडोलिनवादक म्हणूनच झाली. मी ऑफिसनंतर १५ मिनिटंच वाजवतो, पण रोज. तुम्हालाही जमेल, भावांनो!