मीटर खरंच बिघडलाय का?

कंधारसारख्या गावी शाळेच्या कपाटात काट्याचा जुना मल्टिमीटर सापडला, तर भंगारात काढण्यापूर्वी आपण एक प्रयोग करू. आतला पाझरलेला सेल काढून टाकू. व्होल्ट मोजायला तो लागत नाही. ९ व्होल्टच्या बॅटरीला १०० किलोओहमचे दोन रोध एकसरीत जोडू. प्रत्येकावर ४.५ व्होल्ट हवेत. काटा मात्र पाऊण व्होल्टवरच थांबतो! का? तबकडीवर 'प्रतिव्होल्ट १००० ओहम' असेल, तर १० व्होल्टच्या पल्ल्यावर मीटरचा स्वतःचा रोध १० किलोओहमच. तो समांतर जोडताच दोघांचा मिळून रोध ९.१ किलोओहम उरतो. आता १ किलोओहमचे रोध घेऊ: काटा ४.३ दाखवील. मोजण्यानेच मोजमाप बदलते, हे इतक्या उघडपणे शिकवणारे साधन फेकायचे कशाला?