शामियान्यातला आपला ऑपेरा

मैत्रिणींनो, ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहराचं नाव निघालं की तिथल्या देखण्या ऑपेरागृहाचा विषय निघतोच. ऑपेरा म्हणजे गाण्यांतून रंगणारं नाटक. हे नाट्यगृह १८६९ मध्ये मोझार्टच्या 'डॉन जिओव्हानी'ने सुरू झालं. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात ते जळालं. पण लोकांनी ते पुन्हा उभारलं आणि १९५५ मध्ये पडदा परत वर गेला.

आता आपल्याकडे बघा. लाखांदूर-साकोलीकडच्या खेड्यात कुठलं आलं असं नाट्यगृह? पण दिवाळी झाली, धान घरात आलं, मंडई-शंकरपटाचे दिवस आले की मोकळ्या जागेत शामियाना उभा राहतो. लेकी माहेरी येतात. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. ऑर्गन-तबल्याच्या साथीने नट-नट्या तिथंच, आपल्यासमोर गातात. ही आपली झाडीपट्टी रंगभूमी! शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा हे तिचं मोठं केंद्र. इथल्याच परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा केवढा आनंद झाला आपल्याला!

पूर्वी या नाटकांत पुरुषच लुगडं नेसून बाईची भूमिका करत. पुढे बायका रंगमंचावर आल्या. तिकडे व्हिएन्नात गायिकांना केवढा मान, पण ऑपेराच्या वादकांमधूनच निवडल्या जाणाऱ्या तिथल्या नामांकित वाद्यवृंदाने बाईला सभासद करून घेतलं ते थेट १९९७ मध्ये! म्हणजे इमारत मोठी असली तरी बाईला आत यायला वेळ लागतोच.

मला खटकतं ते वेगळंच. नाटकातल्या सासुरवाशिणीसाठी आपण पदराने डोळे पुसतो आणि सकाळी नळावर त्याच नटीला नावं ठेवतो. 'रात्र रात्र बाहेर राहते, कशी असेल बाई!' अगं, ती तिच्या लेकरांच्या पोटासाठीच थंडीत गावोगाव फिरते ना?

आमच्या बचत गटाच्या बायकांनी यावर एक साधी गोष्ट ठरवली. गावात नाटक आलं की नट्यांना कपडे बदलायला, अंघोळीला एक घर उघडं ठेवायचं. दाराला आतून कडी हवी, संडास स्वच्छ हवा आणि जेवण गरम हवं. सुरुवातीला घरच्यांनी कुरकुर केली. आता सासूबाईच विचारतात, "पोरी जेवल्या का?"

व्हिएन्नाकरांनी आपलं नाट्यगृह परत बांधलं. आपल्याला बांधायचं काहीच नाही, फक्त दार उघडायचं आहे. यंदाच्या मंडईला तुम्ही उघडाल ना?