ध्वनियंत्राची विस्मृति

घरांतील वृद्ध आजीच्या तोंडच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून ठेवाव्या, अशी हौस पुष्कळांस असते. परंतु ध्वनिग्राहकाची काल नीट जुळविलेली पातळी आज शून्यावर आलेली आढळते. आणि थकलेला कंठ तीच ओवी पुन्हां तशीच गाईल, याची शाश्वती कोणीं द्यावी? म्हणून लिनक्स प्रणालीवर ऑडिओ इंटरफेसची मांडणी वारंवार कां मोडते, हें जाणून घेणें अगत्याचें आहे.

या घरांत कारभारी एक नसून दोन आहेत. पहिला 'अल्सा'. यारोस्लाव्ह किसेला यांनीं १९९८ सालीं आरंभिलेली ही योजना प्रणालीच्या गाभ्यांत राहून प्रत्यक्ष यंत्राशीं व्यवहार करते. तिच्यावर दुसरा, विम टायमन्स यांचा 'पाइपवायर'. हा २०१७ सालीं पुढें आला. निरनिराळ्या कार्यक्रमांचे आवाज एकत्र करून तो योग्य यंत्राकडे पोंचवितो. दोघांच्याहि टिपणवह्या स्वतंत्र आहेत. पातळी एकाच्या वहींत लिहिली आणि दुसऱ्यानें आपली वही उघडली, कीं जुना आंकडा परत आलाच!

तेव्हां पातळी नेमकी केव्हां बदलते, हें प्रथम पाहावें. संगणक पुन्हां सुरू होतांच ती गेली, तर अल्साची नोंद राहून गेली असावी. ही नोंद संगणक रीतसर बंद करतांना होते. वीज एकाएकीं गेल्यास होत नाहीं. अशा वेळीं 'अल्सामिक्सर'मध्यें पातळी जुळवून प्रशासकाच्या अधिकारानें 'अल्साक्टल स्टोअर' ही आज्ञा द्यावी. एवढें करूनहि, वापरणाराचा प्रवेश होतांच पातळी बदलली, तर ती पाइपवायरची करणी समजावी, व 'पाव्हुकंट्रोल'सारख्या त्याच्या नियंत्रकांतच जुळणी करावी. दूरसंभाषण चालूं असतांना बदल झाला, तर त्या कार्यक्रमांतील स्वयंचलित पातळीची सोय बंद करावी.

आणखी एक खोंच आहे. यंत्रांस क्रमांक मिळतात ते सांपडण्याच्या क्रमानें. आज १ असलेलें यंत्र उद्यां ० होऊं शकतें. यास्तव मांडणींत क्रमांक न लिहितां यंत्राचें नांव लिहावें.

कारण न शोधतां रोज नव्यानें पातळी जुळविणें म्हणजे गळक्या घागरींत पाणी भरणें होय. उपाय केल्यावर संगणक एकदां बंद करून पुन्हां सुरू करावा, मिनिटभर मुद्रण करून ऐकावें, आणि मगच आजीस गावयास बसवावें.