परदेशप्रवासातील भ्रमणध्वनीचे मोल : अंतर, सीमा आणि संभाषण

‘रोमिंग’ हा शब्द मराठीत इंग्रजीतून आला. मूळ भाषेत त्याचा अर्थ केवळ ‘भटकणे, संचार करणे’ असा आहे. दूरसंचाराच्या परिभाषेत तो स्वतःच्या कंपनीच्या क्षेत्राबाहेर, परक्या कंपनीच्या यंत्रणेवर दूरध्वनी वापरण्याच्या सोयीचा वाचक झाला. मराठी बोलणाऱ्यांनी मात्र त्याला आणखी एक अर्थ दिला. ‘येथे रोमिंग लागते’ या वाक्यातील ‘लागणे’ हे क्रियापद ‘कर लागतो’, ‘जकात लागते’, ‘भाडे लागते’ या वाक्यांतील क्रियापदाच्या जातीचे आहे. शब्द सोयीचा होता, तो आकारणीचा झाला. हे अर्थांतर अज्ञानातून झालेले नाही. पुढील विवेचनावरून असे दिसून येईल की, परदेशात भ्रमणध्वनी वापरण्याचे जे मोल प्रवाशाला द्यावे लागते ते बहुतांशी अंतराचे मोल नसून सीमा ओलांडल्याबद्दलची जकातच असते. आणि या जकातीचा परिणाम केवळ खिशावर नव्हे, तर संभाषणाच्या लांबीवर, स्वरूपावर आणि प्रसंगी लिपीवरही होतो.

१. संचाराची यंत्रणा

युरोपातील तेरा देशांच्या प्रतिनिधींनी ७ सप्टेंबर १९८७ रोजी कोपनहेगन येथे एका करारावर सह्या केल्या आणि समान पद्धतीची भ्रमणध्वनी यंत्रणा उभारण्याचे ठरविले. ‘जीएसएम’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या या पद्धतीवरील पहिली सेवा १९९१ मध्ये फिनलंडमध्ये सुरू झाली, आणि पुढच्याच वर्षी फिनलंड व ब्रिटन यांतील दोन कंपन्यांमध्ये पहिला आंतरराष्ट्रीय रोमिंग करार झाला. एका देशाच्या ग्राहकाला दुसऱ्या देशात तेच यंत्र व तोच क्रमांक वापरता यावा, हा या पद्धतीच्या मूळ उद्दिष्टांपैकी एक होता.

हे कसे साधते ते थोडक्यात पाहणे इष्ट आहे. सिम कार्डात ग्राहकाच्या नेहमीच्या दूरध्वनी क्रमांकाहून वेगळा, जास्तीत जास्त पंधरा अंकांचा एक ओळख-क्रमांक साठविलेला असतो. त्याचे पहिले तीन अंक देश दर्शवितात; भारतासाठी ते ४०४ किंवा ४०५ असतात. प्रवासी परदेशात उतरून यंत्र सुरू करतो, तेव्हा तेथील कंपनी या अंकांवरून त्याचे मूळ घर ओळखते, मूळ कंपनीकडे त्याच्याविषयी विचारणा करते आणि होकार आल्यावर पाहुण्यांच्या नोंदवहीत त्याची तात्पुरती नोंद करते. मूळ कंपनीही आपला ग्राहक सध्या कोणाकडे उतरला आहे याची नोंद ठेवते.

या व्यवस्थेतून एक चमत्कारिक परिणाम उद्भवतो. भारतीय क्रमांक वापरणारे दोन विद्यार्थी बर्लिनमध्ये एकाच इमारतीत राहत आहेत, असे समजू. पहिल्याने दुसऱ्याला दूरध्वनी केला असता तो भारतातील क्रमांकाला केलेला असल्यामुळे प्रथम भारतात येतो आणि तेथील कंपनीने नोंदवही पाहिल्यावर पुन्हा बर्लिनला जातो. पहिल्याला जर्मनीतून भारतात केलेल्या दूरध्वनीचे पैसे पडतात, तर दुसऱ्याला भारतातून जर्मनीपर्यंतच्या प्रवासाचे. ज्याला दूरध्वनी आला त्यानेही पैसे का द्यावेत, याचे उत्तर येथे आहे : करणाऱ्याला समोरचा माणूस कोठे आहे हे ठाऊक नसते, म्हणून सीमेपलीकडील टप्प्याचा भार घेणाऱ्यावर टाकला जातो. इंटरनेटच्या बाबतीतही सामान्यतः माहिती मूळ देशातील द्वारातूनच ये-जा करते. बर्लिनमध्ये बसून बर्लिनचाच नकाशा पाहणाऱ्या भारतीय प्रवाशाची मागणी बहुधा भारतात जाऊन परत येते.

याहून विलक्षण उदाहरण न उचललेल्या दूरध्वनीचे आहे. परदेशातील ग्राहकाने दूरध्वनी उचलला नाही तर तो निरोप-पेटीकडे वळविला जातो. ही पेटी मूळ देशात असल्यामुळे तो पुन्हा सीमा ओलांडून परत येतो. त्यामुळे एक शब्दही न बोललेल्या माणसावर जाण्याच्या आणि येण्याच्या अशा दोन्ही टप्प्यांची आकारणी होऊ शके. युरोपीय संघाने निरोप ठेवला गेल्याबद्दल ग्राहकाकडून पैसे घेण्यास जुलै २०१० पासून मनाई केली, ती याच कारणासाठी.

२. किंमत कशी ठरते

प्रवाशाच्या देयकावरील आकडा दोन थरांचा असतो. यजमान कंपनी आपल्या यंत्रणेच्या वापराबद्दल मूळ कंपनीकडून जो दर घेते तो घाऊक दर. त्यावर आपला नफा चढवून मूळ कंपनी ग्राहकाकडून जो घेते तो किरकोळ दर. प्रत्येक वापराची नोंद ठरावीक नमुन्यात यजमानाकडून मूळ कंपनीकडे पाठविली जाते. हिशेब अनेक चलनांतील असल्यामुळे तो परंपरेने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या ‘विशेष आहरण अधिकार’ या एककात मांडला जातो.

बाजारात विक्रेते अनेक असले म्हणजे किंमत उतरते, असा अर्थशास्त्राचा सामान्य नियम आहे. रोमिंगच्या बाबतीत तो दीर्घकाळ लागू पडला नाही. याची कारणे तीन होत. पहिले असे की, ग्राहक कंपनी निवडतो ती घरच्या दरांवरून. वर्षातील चार दिवसांच्या प्रवासाचा दर त्याच्या निवडीत गौण ठरतो. दुसरे असे की, घाऊक दर ठरविणाऱ्या यजमान कंपनीचा प्रवाशाशी थेट संबंध नसतो. दर चढविल्याचा राग तिच्यावर निघत नाही. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे ही आकारणी परस्परांवर होते. ‘अ’ देशाची कंपनी ‘ब’ देशाच्या पाहुण्यांकडून जितके घेते, तितकेच ‘ब’ देशाची कंपनी ‘अ’च्या पाहुण्यांकडून घेते. दोघींनाही दर उतरविण्यात स्वारस्य नसते, आणि एका देशाच्या नियामकाने आपल्या कंपन्यांना घाऊक दर उतरविण्यास भाग पाडले तर त्याचा लाभ परदेशी प्रवाशांना मिळतो, स्वदेशीयांना नाही. अर्थात एकट्या राष्ट्राला हा प्रश्न सोडविता येत नाही. सीमा ज्याचे कारण आहे, त्याचा उपाय सीमेच्या दोन्ही बाजूंनी एकाच वेळी व्हावा लागतो.

३. युरोपचा उपाय आणि भारताचा अनुभव

असा दुहेरी उपाय करण्याचे अधिकार असलेली संस्था युरोपीय संघाच्या रूपाने अस्तित्वात होती. ३० जून २००७ रोजी अमलात आलेल्या तिच्या नियमाने संघाच्या हद्दीत रोमिंगमध्ये केलेल्या दूरध्वनीला मिनिटास ४९ सेंट, आलेल्या दूरध्वनीला २४ सेंट आणि कंपन्यांमधील घाऊक व्यवहाराला सरासरी ३० सेंट अशा कमाल मर्यादा घातल्या. मूल्यवर्धित कर त्यावर वेगळा होता. काही मोठ्या कंपन्यांनी या नियमाला न्यायालयात आव्हान दिले. परंतु ८ जून २०१० रोजी युरोपीय न्यायालयाने तो वैध ठरविला. पुढे मर्यादा उतरत गेल्या, आणि १५ जून २०१७ पासून संघातील प्रवाशाला, वाजवी वापराच्या अटीवर, घरच्याच दराने दूरध्वनी वापरता येऊ लागला. ही व्यवस्था २०२२ च्या नियमाने २०३२ पर्यंत वाढविण्यात आली आहे.

तथापि ही सवलत आरंभी संघाच्या व त्याच्याशी संलग्न नॉर्वे, आइसलंड, लिख्टेनश्टाइन या देशांच्या ग्राहकांपुरती होती. मध्येच असलेले स्वित्झर्लंड तीत येत नाही. ब्रिटन संघातून बाहेर पडल्यावर तेथील कंपन्यांवरील हे बंधन संपले आणि त्यांपैकी काहींनी २०२२ पासून युरोपातील वापरावर पुन्हा आकारणी सुरू केली. तारा त्याच, मनोरे तेच, अंतरही तेच. बदलले ते केवळ सीमेचे कायदेशीर स्वरूप. किंमत अंतराची नसून सीमेची असते, या विधानाला याहून स्वच्छ पुरावा मिळणे कठीण.

भारतात या प्रश्नाचे अंतर्गत रूप पाहावयास मिळाले. दूरसंचाराच्या सोयीसाठी देशाची विभागणी ‘सर्कल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या क्षेत्रांत झाली होती. ही क्षेत्रे राज्यांशी वा भाषांशी तंतोतंत जुळणारी नव्हती. महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवा होता, पण मुंबईचे सर्कल स्वतंत्र होते. बेळगाव कर्नाटक सर्कलमध्ये होते. त्यामुळे कोल्हापूरचा ग्राहक पणजीत घरचा आणि जवळच्या बेळगावात परका ठरे. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने १ मे २०१५ पासून अशा देशांतर्गत रोमिंगमध्ये येणाऱ्या दूरध्वनीची कमाल मर्यादा मिनिटास ७५ पैशांवरून ४५ पैशांवर आणि स्थानिक दूरध्वनीची १ रुपयावरून ८० पैशांवर आणली. २०१६ नंतरच्या तीव्र स्पर्धेत ही आकारणी व्यवहारातून जवळजवळ नाहीशी झाली. युरोपात जे कायद्याने करावे लागले ते भारतात स्पर्धेने घडले, कारण येथे मोठ्या कंपन्यांची यंत्रणा बहुतेक सर्व सर्कलांत स्वतःचीच होती; यजमानाला द्यावयाचा घाऊक दरच उरला नव्हता. देशाबाहेर पडताच ही परिस्थिती पालटते, आणि भारतीय प्रवाशाला परक्या कंपनीशी आपल्या कंपनीने केलेल्या करारावर पुन्हा विसंबावे लागते.

४. आकारणीचे एकक आणि भाषेचे एकक

येथवरचे विवेचन अर्थशास्त्राचे झाले. भाषेच्या अभ्यासकाला त्यापुढचा प्रश्न महत्त्वाचा वाटावा : बोलण्याला ज्या एककात मोल लावले जाते, त्याचा भाषाव्यवहाराशी काय संबंध?

मिनिट हे आकारणीचे एकक असताना एकसष्ट सेकंदांच्या संभाषणाला दोन मिनिटांचे पैसे पडत. क्षेमकुशल, हुंकार, विराम आणि निरोपाचे लांबलेले शब्द हे संभाषणातील माहितीशून्य, परंतु नाते टिकविणारे घटक. एकक मोठे झाले की कात्री प्रथम त्यांच्यावर चालते. युरोपीय संघाने २००९ मध्ये केलेल्या नियमानुसार आलेल्या दूरध्वनीची आकारणी पहिल्या सेकंदापासून, तर केलेल्या दूरध्वनीची पहिल्या तीस सेकंदांनंतर सेकंदागणिक करणे बंधनकारक झाले. आकारणीचे एकक बोलण्याच्या एककाच्या जवळ आणण्याचा हा प्रयत्न होता.

किंमत फार चढली की भाषा शब्दांवाचूनही काम भागविते. ‘मिस्ड कॉल देणे’ हा प्रकार असाच होय. जोनाथन डोनर यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात अशा हेतुतः अर्धवट सोडलेल्या दूरध्वनींचे नियम मांडले आहेत. ‘मला फोन कर’, ‘ठरल्याप्रमाणे झाले’, ‘तुझी आठवण आली’ असे अर्थ त्या एका खुणेवर संदर्भानुसार चढतात, आणि पैसे कोणी भरावयाचे याचे सामाजिक संकेतही तीत गृहीत असतात. ज्याची ऐपत अधिक त्याने उलट दूरध्वनी करावा, हा त्यांतील प्रमुख.

सर्वांत दूरगामी परिणाम लिपीवरचा आहे. एसएमएस या लघुसंदेशाची क्षमता १४० अष्टकांची, म्हणजे ११२० द्विमान अंकांची असते. रोमन अक्षरांना प्रत्येकी ७ अंक पुरत असल्यामुळे तीत १६० अक्षरे मावतात. मूळ संचात नसलेल्या लिपीचे एक जरी चिन्ह आले तरी संपूर्ण संदेश १६ अंकी संकेतात जातो आणि मर्यादा ७० चिन्हांवर येते. शिवाय देवनागरीत काना, वेलांटी, हलन्त या प्रत्येकाची गणना स्वतंत्र चिन्ह म्हणून होते. ‘ज्योत्स्ना’ हा शब्द वाचकाला दोन अक्षरांचा. यंत्राला मात्र तो दहा चिन्हांचा. ‘विद्यार्थी’ हा तीन अक्षरांचा शब्दही दहा चिन्हांचाच भरतो व १६० अंक व्यापतो. तोच रोमन लिपीत नऊ अक्षरांत, ६३ अंकांत मावतो. एकाच शब्दाचे ओझे लिपी बदलताच सुमारे अडीचपट होते.

परदेशातून पाठविलेल्या प्रत्येक संदेशाला भारी दर असताना या अडीचपटीचा अर्थ उघड आहे. युरोपीय संघाने २००९ मध्ये संदेशाला ११ सेंटची मर्यादा घातली, ती सर्व सदस्य देशांना सारखी होती. पण सिरिलिक लिपीत लिहिणाऱ्या बल्गेरियन माणसाला त्या ११ सेंटांत ७० चिन्हे मिळत आणि इंग्रजी लिहिणाऱ्याला १६०. ग्रीक भाषेची मोठी अक्षरे मूळ संचात होती, लहान अक्षरे नव्हती. दर समान असून भाषा समान राहिल्या नाहीत. मराठी मजकूर रोमन अक्षरांत लिहिण्याची सवय रुजण्यास देवनागरी कळफलकाचा अभाव, यंत्रांची मर्यादा अशी अन्य कारणेही होती, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु लिपीवर बसलेला हा अप्रत्यक्ष अधिभार त्या कारणांत मोजावयास हवा. इंटरनेटवरून जाणाऱ्या संदेशांमुळे हा अधिभार आता बहुतांशी संपला आहे. त्याने लावलेली सवय मात्र तितक्या लवकर संपलेली नाही.

५. उपसंहार

वरील विवेचनातून प्रवाशाच्या उपयोगाचे निष्कर्ष सहज निघतात. यजमान देशाचे सिम कार्ड किंवा यंत्रात उतरवून घेण्याचे ई-सिम घेतल्यास तो तेथील स्थानिक ग्राहक होतो आणि घाऊक कराराचा थर सामान्यतः गळून पडतो किंवा पातळ होतो. मूळ क्रमांक चालू ठेवावयाचा असल्यास इंटरनेटचे रोमिंग व निरोप-पेटीकडे दूरध्वनी वळविण्याची सोय निघण्यापूर्वीच बंद करणे श्रेयस्कर. सीमेलगतच्या गावी यंत्र पलीकडच्या मनोऱ्याला जोडले जाऊ शकते, म्हणून तेथे कंपनीची निवड स्वतः करावी.

परंतु प्रश्न केवळ प्रवाशाच्या दक्षतेचा नाही. शिक्षणासाठी वा रोजगारासाठी परदेशी गेलेल्या माणसाचे घराशी असलेले नाते मुख्यतः बोलण्यावर टिकते. त्या बोलण्याला मोल लावणारी एकके, मग ती मिनिटे असोत, चिन्हे असोत वा मेगाबाइट, अभियंते आणि हिशेबनीस ठरवितात. त्यांचे परिणाम भाषेत उमटतात. या एककांची चिकित्सा भाषाशास्त्राच्या कक्षेबाहेरची मानण्याचे कारण नाही. ‘रोमिंग लागते’ असे म्हणणाऱ्या सामान्य मराठी माणसाने एका क्रियापदात ती चिकित्सा केलेलीच आहे; अभ्यासकाने ती सप्रमाण पुढे न्यावयाची आहे.