शनवार तेली

अलिबाग-पेणकडील कांहीं घाण्यांवर पूर्वीं शनिवारीं बैल जुंपीत नसत. ते घाणे बेने इस्रायल, म्हणजे कोंकणांतील यहुदी मंडळींचे. शेजाऱ्यांनीं त्यांस नांवच 'शनवार तेली' असें ठेविलें. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारीं तारे दिसेपर्यंत काम करूं नये, ही त्यांच्या तोरा या धर्मग्रंथाची आज्ञा. आम्हांस विशेष वाटतें तें हें कीं, ही विश्रांति केवळ धन्यास नव्हे. चाकरास, दासीस, दारच्या परक्यास, इतकेंच काय, बैलागाढवांसही सांगितलेली आहे.

पेणकर, दिवेकर, रोहेकर अशा आडनांवांच्या व घरीं मराठीच बोलणाऱ्या या मंडळींपाशीं दीर्घकाळ ग्रंथ नव्हते. हिब्रू विसरली, 'शेमा' ही एकेश्वराची प्रार्थना तेवढी तोंडीं राहिली. (पोथीहून पाठांतरावर आमचा भरंवसा अधिक, हा आमच्या पंतोजीपणाचा दोष समजावा.) सुंता, शनिवार, कांहीं सण व उपास, एवढ्यावर धर्म टिकला. नवस फेडतांना पोहे, खोबरें व साखर यांचा मलिदा फळांसह मांडून संदेष्टा एलियाहू याचें स्मरण करावयाचें, ही चाल तर अस्सल कोंकणांतली.

१९४८ नंतरच्या दशकांत यांतील बहुतेक इस्रायलांत गेले. तेथें १९६२ च्या सुमारास धर्माधिकाऱ्यांनीं विवाहसमयीं यांच्या पिढ्यांची चौकशी करण्याचा दंडक घातला. ज्यांनीं ग्रंथावांचून शनिवार पाळला, त्यांजकडेच पुरावा मागितला! मंडळींनीं यरुशलेमांत धरणें धरलें; अखेर १९६४ सालीं तेथील लोकसभेनें, हे सर्व बाबतींत यहुदीच, असा ठराव केला. मलिदा तिकडेही होतो, आणि त्यास पोहेच लागतात.