राज्ये बदलली, पक्ष तोच

भाई उद्धवराव पाटील हे शेतकरी घराण्यातील वकील. 1952 साली उस्मानाबादेतून, म्हणजे आजच्या धाराशिवातून, ते हैदराबाद विधानसभेवर निवडून गेले ते शेतकरी कामगार पक्षातर्फे. निजामी राजवट जाऊन चारच वर्षे लोटली होती. 1950 चा कूळकायदा झाला होता खरा. परंतु कायदा होणे निराळे आणि कुळाच्या नावे सातबारा होणे निराळे, हे तालुका कचेरीच्या पायऱ्या झिजविणाऱ्यास सांगावयास नको.

पक्षाचे संस्थापक केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे त्याच दशकात काँग्रेसमध्ये परतले. सत्तेचा रस्ता तिकडूनच जात होता. उद्धवराव त्या रस्त्याने गेले नाहीत. 1956 साली जिल्हा मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्रात. त्या विधानसभांतही ते विरोधी बाकांवरच बसले.

1977 साली ते लातूरहून लोकसभेत गेले. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. त्या यशात आणीबाणीवरील रोषाचा वाटा मोठा, हे मान्य केले पाहिजे. पक्षाचे पाच खासदार दिल्लीस पोहोचले ते त्याच लाटेवर. 1980 साली लातूर काँग्रेसच्या शिवराज पाटलांनी जिंकले. शेतकऱ्यांचे नाव धारण करणाऱ्या या पक्षाला ती जागा पुन्हा मिळाली नाही.